चव : मान्य

बाटल्या गुरुवारी येतात.
एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटमागून, खताच्या पिशवीतून,
एकदा तर बाळंतिणीच्या रिक्षातून आली होती एक.
वर चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं
गाव, स्रोत, तारीख, सही.
आता मी अक्षरावरून गाव ओळखते.
पाय मोडलेला 'ळ' म्हणजे चिंचाळवाडी,
म्हणजे जलसुरक्षक व्यंकटी सोनटक्के,
मानधन आठ महिने थकलेलं.

फ्लोराईडची तपासणी उलटी असते.
नळीत लाल रंग घालायचा आणि बघत राहायचं.
पाणी बरं असेल तर लाल तसाच.
नसेल तर लाल उडत जातो,
धुतलेल्या कुंकवासारखा.
दीडपर्यंत चालतं, असं मानक सांगतं.
चिंचाळवाडी, शाळेजवळचा हापसा : दोन पूर्णांक नऊ.

मी लिहिलं, पिण्यास अयोग्य.
पर्यायी स्रोत उपलब्ध करून द्यावा.
(या वाक्यात कर्ता नसतो.
शाळेत माझं व्याकरण चांगलं होतं.)
एक प्रत ग्रामसेवकाला, एक गटविकास अधिकाऱ्यांना,
एक माझ्या कपाटात.
मग कुणीतरी ब्रश घेऊन गेलं
आणि हापशाच्या तोंडाला लाल रंग देऊन आलं.

दोन उन्हाळे गेले.
यंदा त्याच हापशाची बाटली, तोच मोडका ळ.
नळीतला लाल जागचा हलला नाही.
शून्य पूर्णांक दोन.
क्षार बत्तीस.
बत्तीस!
आमच्या खडकातून बत्तीसचं पाणी
देवालाही काढता यायचं नाही.

फोन लावला.
"व्यंकटीमामा, हे जारचं पाणी आहे."
पलीकडे बराच वेळ पिठाची गिरणी.
मग, "लग्नातलं उरलं होतं, मॅडम.
आणखी एक लाल कार्ड आलं की दांडा काढून नेतेत.
दांडा नेला तर बाया कुठं जातील,
ते तुमच्या कागदावर हाय का?
आन् तो रंग तर कवाच उडला.
लेकरं गुलाबी हापसा म्हणतेत त्याला."

नियमात याला नाव आहे. शिक्षाही आहे.
मी पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
लिहिलं, नमुना रद्द.
फेरनमुना प्रयोगशाळेनं स्वतः घ्यावा.
आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं,
त्यातला एक निवडणुकीच्या कामावर.

रविवारी गेले. फाट्यापासून चालत,
डोक्यावर एप्रिल.
हापशापाशी आठवीतली एक पोरगी.
नाव विचारलं तर ओठ फारसे न उघडता म्हणाली, सुदामती.
हसू आलं तेव्हा ओढणीचं टोक दातांवर.
मी बाटली काढायच्या आत
तिनं तांब्या भरून पुढं केला.
पाव्हण्याला आधी पाणी,
हे कुठल्याच परिपत्रकात नाही
आणि सगळ्यांना पाठ आहे.

दोन पूर्णांक नऊ, मला माहीत होतं.
तिलाही माहीत होतं, ती रोज आरशात बघते.
मी प्याले.
गार. आणि गोड, खरंच गोड.
जारच्या पाण्याला अशी चव नसते.

मग बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळली,
चौथ्यांदा भरली, झाकण आवळलं.
व्यंकटीमामा दांड्यावर हात ठेवून उभा,
काही बोलला नाही, हातही काढला नाही.

फॉर्मवर एक रकाना असतो, चव.
अकरा वर्षं मी तिथं न चाखता
"मान्य" लिहीत आले.
फॉर्म गुडघ्यावर ठेवला.
बाकीचे रकाने सोमवारचे.
हा एक तिथंच भरला.